पाठमोरी खोली

मी वाचायला शिकले ती पाठीवर पडून. आमच्या घराच्या पत्र्याला आतून कागद चिकटवलेले होते आणि ते सगळे पत्रकांचे होते. बाबा छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. शाई फाकलेली, वाकडी उमटलेली, एकाच बाजूला दोनदा छापली गेलेली पत्रकं ते घरी आणत आणि आई मैद्याच्या खळीने ती पत्र्याला लावत असे, उन्हाची आच थोडी तरी अडावी म्हणून. हुंड्याविरुद्धची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची, महागाईविरुद्धची, जातीविरुद्धची तर कितीतरी. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे शब्द मला माझ्या नावाच्या आधी वाचता आले. मे महिन्यात खळ सुटायची आणि कागद अंगावर पडायचे. जेवताना ताटात 'जागे व्हा' पडलं की दादा म्हणायचा, "घ्या, आजची भाजी आली."

आजही लिहायला बसले की माझं पहिलं वाक्य घोषणेसारखं येतं. ते खोडून मी दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते. इथेही तसंच केलं आहे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. छापखान्यात पुन्हा पत्रकं यायला लागली होती, बाबांची बोटं पुन्हा काळी झाली होती आणि मी घरं बांधायचं शिक्षण घेत होते. आर्किटेक्चरच्या वर्गात आमच्या वस्तीतली मी एकटीच. आमचं स्वतःचं घर म्हणजे रस्त्याला लागून विटांची एक खोली, तिच्यावर पत्रा. दादाचं लग्न झालं तेव्हा तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आणखी एक खोली काढली. ती सगळीच पत्र्याची. छत पत्र्याचं, भिंती पत्र्याच्या, दारही पत्र्याचंच.

त्या खोलीत आदल्या उन्हाळ्यात वहिनीचं पहिलं मूल गेलं. नाव ठेवायचं राहिलंच होतं. दवाखान्याच्या कागदावर जुलाब असं लिहिलं होतं. वहिनीने तो कागद वाचला, घडी घातली आणि पत्र्याकडे बोट दाखवलं.  आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि कसेही मोजले तरी महिने मेमध्येच येऊन थांबत होते.

थंडी असतानाच, एकदा धुणं वाळत घालताना ती मला म्हणाली, "बाई, मले दुसरं काई नाही पाहिजे. लेकरू घेऊन मी त्या टिनात नाही जाणार. माहेरी बी टिनच आहे. तू घरं बांधाले शिकून राहिली ना? मंग एक खोली बांध."

ती थट्टा करत नव्हती. मी हो म्हणाले. मी अजून एक भिंतही बांधली नव्हती. मला कागदावर भिंती काढता येत होत्या, एवढंच.

कॉलेजात आम्हाला सिमेंट शिकवत. आमच्या घरावर स्लॅब पडणार नव्हता हे मला माहीत होतं, आणि पडला असता तरी नागपूरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य बुडाला की ते खाली सोडत बसतो, हेही माहीत होतं. मला आठवत होतं ते दुसरंच घर. रामटेकच्या पुढे जंगलातल्या एका गोंड वस्तीत आम्हाला घरांची मोजमापं घ्यायला नेलं होतं. भर दुपारी मी टेप धरून एका घरात शिरले, भिंतीला टेकून बसले आणि झोपून गेले. जाग आली तेव्हा घरची बाई दारात उभी राहून हसत होती.

"मोजून राहिली का झोपून राहिली वं?"

तीच मावशी. मी तिला तेव्हापासून मावशीच म्हणायला लागले. बोलकी, थोडी बढाईखोर, आपल्या घराइतकं चांगलं घर आसपासच्या कोणत्याच वस्तीत नाही असं शपथेवर सांगणारी. ती अधूनमधून डिंक विकायला नागपुरात यायची. त्या फेब्रुवारीत ती आली तशी मी तिला बाजारातून थेट घरी आणलं आणि दादाची खोली दाखवली. तिने पत्र्यावर बोटाने टिचकी मारली, वाकून कडा पाहिली.

"हे टीन मले दे," ती म्हणाली. "मी तुले खोली बांधून देते. माती, बांबू, कवेलू. माहा बुढा खांब गाडीन."

"मावशी, तुझं कौलारू घर इतकं थंड. आणि तू त्याच्यावर टिन टाकणार?"

"कवेलूवर माकडं नाचतात. दरसाली वर चढून कवेलू फेरा, फुटले ते बदला. तू येतं का फेराले? तू तं झोपतं."

 मग मी तिला वहिनीच्या बाळाविषयी सांगितलं.  "मी माह्या घरी टिनाखाली मांडव ठेवीन," ती म्हणाली. "टीन माकडाईसाठी, मांडव माणसाईसाठी."

घरात हे सांगितल्यावर आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मातीची खोली?"

"कुडाची. आत बांबूच्या तट्ट्या, दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. उन्हाळ्यात..."

"मले नको शिकवू माती काय राहाते ते. माह्या मायनं लोकाईच्या भिंती सारवल्या. गोठ्याच्या, कुंपणाच्या. मी बी सारवल्या. दिवाळी त्याईची अन् हात आमचे. बाया दुरून बोट दाखवत, इथं राह्यलं, तिथं राह्यलं. नागपुरात आली तवा मी सांगतलं होतं, आता माहे हात कोण्या भिंतीले लागणार नाही. टिन तं टिन."

बाबांना वेगळीच काळजी. "ते बाई पूजा-बिजा तं नाही ना करणार? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत."

पुढे मावशीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या घरी पूजा? तुमी तं पेढा बी नाही देणार. मी कायले मेहनत करू?"

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. मातीच्या घरांचं कौतुक करणारी माणसं हल्ली बरीच भेटतात. ती स्लॅबखाली, वाळ्याच्या कूलरसमोर बसून कौतुक करतात. आदिवासींकडून शिकायला हवं, असं म्हणतात आणि आदिवासी पत्रा मागायला आला की त्यांना वाईट वाटतं. माझ्या आईने मातीला नकार दिला तेव्हा ती अडाणीपणाने बोलत नव्हती. माती तिला आमच्या वर्गातल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होती. कोणाच्या भिंतीसाठी कोणाचे हात, हा प्रश्न ज्या घराच्या नकाशात नाही तो नकाशा मला अर्धवट वाटतो. पण त्या दिवशी माझ्याकडे हे वाक्य नव्हतं. माझ्याकडे फक्त मे महिना होता.

वहिनी चुलीपाशी बसली होती. ती आईकडे न पाहता म्हणाली, "आई, तुमी हात नका लावू. मी लावीन. पण मले ते खोली पाहिजे."

आईने खाली ठेवलेलं भांडं पुन्हा उचललं. आमच्या घरात तो होकार होता.

मार्चमध्ये पत्रा उतरवला. मावशी आणि तिचा नवरा दोघं आले, दादाने कामावरून सुट्टी टाकली. लाकडाच्या टालावरून बल्ल्या आणि बांबू आणले, खांब गाडले, वर बांबूंची जाळी आणि तिच्यावर पळसाच्या आणि जांभळाच्या डहाळ्या. संध्याकाळपर्यंत मांडव उभा. मी नकाशाचा कागद घेऊन मावशीपुढे बसले.

"आता भिंती कुठून सुरू करायच्या?"

"आता भिंती नाही. आता राहा."

"कुठे?"

"मांडवात. खाट टाका अन् राहा. आमच्या घरी असंच करतात. ज्याले राहाचं आहे त्याची खाट दिवसभर कुठं कुठं सरकते ते पाहून घेतात, मंग भिंत. आधी भिंत घातली तं जलमभर भिंतीले विचारून खाट टाका लागते."

"किती दिवस?"

"खाट थांबते तवा."

 पत्रा उतरलेला, वहिनीला सातवा महिना, ऊन रोज चढत होतं आणि ही बाई खाट थांबायची वाट पाहायला सांगत होती. आता मागे फिरताही येत नव्हतं. पत्रे अंगणात एकावर एक रचून ठेवले होते आणि ते तिचे झाले होते.

रस्त्याने जाणारी माणसं थांबायची. "काय गा, कोणाचं लगन हाय?"

दादा खाटेवरून म्हणायचा, "माहंच. दुसऱ्यांदा."

"कोणाशी?"

"हिच्याशीच. दुसरी कोण करते मले?"

वहिनी पदरात हसायची. पत्र्याच्या खोलीतून बाहेर आल्यापासून ती पहिल्यांदा हसताना दिसत होती, आणि मला त्याचीही भीती वाटत होती, कारण त्या हसण्याचा भार आता माझ्या नकाशावर होता.

मी कॉलेज बुडवून घरी राहिले. वहिनीने खाट सरकवली की पायांच्या जागी चुन्याची बोटं ओढायचे. सकाळी ती पूर्वेच्या कडेला, पाय उन्हात आणि डोकं सावलीत. ऊन वर आलं की मधोमध. दुपार कलली की ती खाट ओढत पुन्हा पूर्वेला नेई आणि रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, पाठ करून निजे. तिथून मांडवाखाली तिरकं ऊन शिरत असे आणि त्याच्याबरोबर लू, म्हणजे गरम वारा. एक दिवस नाही, रोज. आठवड्याभरात जमिनीवर चुन्याचा एक नकाशाच उमटला आणि तो माझ्या कागदावरच्या नकाशाहून फार वेगळा होता. मी माझा फाडला. एका जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर नवा काढला. पश्चिमेला जाड, बंद भिंत, एकही खिडकी नाही. दक्षिणेला खाली उतरलेलं छप्पर. दार पूर्वेला, आतल्या अंगणात.

बाबांनी तो कागद दिव्याजवळ धरून पाहिला.

"दार पूर्वेले?"

"हो."

"हे तं वास्तुशास्त्र झालं."

बाबांनी आणीबाणीच्या आधी एक पत्रक स्वतः लिहून, स्वतः जुळवून छापलं होतं, 'दिशा कोणाच्या?' नावाचं. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी पंचांग पाहून गादीची तोंडं फिरवत असत आणि बाबा रविवारी तिथे उभे राहून त्यांच्याच हातात ते पत्रक देत. वस्तीत सगळ्यांना ते पाठ होतं. त्या माणसाच्या घराला पूर्वेचं दार म्हणजे चहाच्या टपरीवर महिनाभराची करमणूक.

मी म्हणाले, "बाबा, सूर्य पत्रकं वाचत नाही."

मला वाटलं ते हसतील. त्यांनी कागद खाली ठेवला.

"माह्या बापाच्या गावात," ते म्हणाले, "आमच्या दारानं रस्त्याकडे पाहाचं नाही, असा कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण होता. घर पाठमोरं पाहिजे. मी नागपुरात आलो अन् पहिलं काम काय केलं? रस्त्याकडे दार ठेवलं. आता माही पोरगी शिकून येते अन् म्हणते, रस्त्याकडे पाठ करा."

ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी तट्ट्या विणायच्या होत्या, त्या विणल्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशीचा नवरा बांबूच्या पट्ट्या पाण्यात भिजवून ठेवी आणि विडी ओढत बसे. बाबांशी वाद घालायचं बळ माझ्यात होतं, तेच तर त्यांनी मला शिकवलं होतं. पण या वेळी त्यांच्या बाजूला आजोबांचं गाव होतं आणि माझ्या बाजूला चुन्याची चार बोटं. मी वहिनीच्या पोटाकडे पाहायचं टाळत होते.

रविवारी बाबा जेवून मांडवात आले. लोखंडी खुर्ची त्यांनी मुद्दाम पश्चिमेच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून मांडली आणि वर्तमानपत्र उघडलं. ऊन कललं. त्यांनी पेपर तिरका धरला. मग खुर्ची थोडी मागे घेतली. मग आणखी मागे. मावशीने तोंडाला पदर लावला होता आणि तिला ते जड जात होतं हे दिसत होतं. शेवटी खुर्ची वहिनीच्या खाटेला येऊन टेकली. वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, इकडून या. माह्या पल्याड सावली आहे."

ते तिकडे जाऊन सावलीत बसले.  मग मला हाक मारली.

"हे पंचांगानं नाही ना ठरवलं?"

"खाटेनं ठरवलं."

"मंग ठीक. कोणी विचारलं तं मी हेच सांगीन." मग म्हणाले, "पण ते पश्चिमेची भिंत माही. तिले चुना मारून देजो. पाठच दाखवाची तं कोरी नाही दाखवणार मी."

तट्ट्या विणून झाल्या. शहराबाहेरून बंडीने पिवळी माती आली. काळी माती भेगाळते म्हणून घ्यायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. मावशीने ती माती चिमटीत चोळली, थुंकी लावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "हे माती माह्या वळखीची नाही. तणस जास्त घालजो." तांदळाच्या पेंढ्याला आमच्याकडे तणस म्हणतात. जास्त म्हणजे किती, हे तिने सांगितलं नाही. त्यानंतर दुसऱ्याच सकाळी ती गाठोडं बांधून उभी.

"मावशी, कुठे?"

"मोह पडून राहिला. वेचाले जातो. झाड काय माह्यासाठी थांबते?"

"आणि भिंती?"

"येतो ना."

तिच्या नवऱ्याने पत्रे बंडीत चढवले. बंडी वळणाआड गेली तरी त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. आई दारात उभी होती. "गेली तुही मावशी. टिन घेऊन गेली," ती म्हणाली. "आता सुनेच्या डोक्यावर काय टाकतं, पत्रकं?"

मावशी येईल असं मी दिवसातून कितीदा म्हणाले असेन. प्रत्येक वेळी आवाज थोडा कमी. वाट पाहत बसणं शक्य नव्हतं, म्हणून आम्हीच माती कालवली. दादा कामावरून आला की तुडवायचा, सकाळी मी तुडवायचे आणि वहिनी खांबाला धरून खळग्यात पाय घालायची. मी ओरडले की म्हणायची, "तुडवू दे वं. पायाले थंड लागते." गिलावा आम्ही हाताने थापत होतो. आई विटांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पाहायची. तिथून तिला सगळं दिसत असे आणि सगळं खुपत असे, पण ती उठली नाही.

पहिला थर चढला आणि एप्रिलच्या एका दुपारी आभाळ अचानक काळं झालं. गारा पडल्या. उडून गेल्या त्या डहाळ्या, राहिल्या त्या बल्ल्या. आम्ही चौघं आत पत्र्याखाली उभे होतो आणि वर असा आवाज होत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दारातून मला भिंत खाली उतरताना दिसत होती. खरंच उतरत होती, अंगावरून शाल घसरावी तशी. थांबल्यावर पाहिलं तर तट्ट्या उघड्या आणि खाली पिवळा चिखल. वहिनीने माझा हात धरला होता. तिचा हात गरम होता आणि ओला, आणि मला वाटलं, ही आता म्हणेल की राहू दे. ती म्हणाली, "माती तं इथंच आहे ना?"

ती तिथेच होती. आम्ही पुन्हा कालवली.

मावशी आली तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि छपराचं काम सुरू होतं. अंगाला मोहाचा वास, डोक्यावर मोठं गाठोडं, आणि उशीर झाल्याबद्दल एक शब्द नाही. आल्या आल्या तिने आईच्या पुढ्यात सुका मोह ओतला. आईने विचारलं, "टीन टाकलं?"

"टाकलं. लई आवाज करते, माय. हवा आली तं वाटते रेल्वे आली." मग हळूच म्हणाली, "माकडं बी आले. आता टिनावर नाचतात. मजा येते त्याईले."

आई हसली. मावशीच्या देखत ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. कवेलू चढले. मावशीने भिंती हाताने ठोकून पाहिल्या आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी जरा थांबली. "वल्ली आहे अजून. वाळीन तवा दिसीन," एवढंच बोलली. जाताना मला म्हणाली, "छप्पर खांबाईवर आहे. भिंत नुसता आडोसा. घाबरजो नको." मला घाबरू नको सांगणं हे कोणत्याच महिन्यात उपयोगाचं नव्हतं.

बाबांनी त्यांच्या भिंतीला चुना मारला आणि वर निळीने ठळक अक्षरांत लिहिलं, 'माणसाची किंमत माणसाएवढी'. ओळ सरळ यावी म्हणून त्यांनी दोरी धरली होती. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ती वाचत जायचा. टपरीवर कोणीतरी म्हणालंच, "काय गा, पूर्वेले दार ठेवलं म्हणते?" बाबा म्हणाले, "दार खाटेनं ठेवलं. भिंत मी ठेवली. वाच."

वहिनी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. मेच्या ऐन मध्यावर दादा त्या दोघींना रिक्षात ओला टॉवेल धरून घरी घेऊन आला आणि खाट पूर्वेच्या दाराशी, चुन्याच्या त्याच जागेवर पडली. मी सारखी मुलीच्या कपाळाला हात लावत होते. श्वास पाहायला नाकाशी बोट धरत होते. आई म्हणाली, "झोपू दे तिले. तुह्या हातानंच ताप येईन."

आणि मग भेग पडली. दुपारी जेवायला बसताना नव्हती, ऊन कललं तेव्हा होती. पश्चिमेच्या भिंतीला, वरपासून खालपर्यंत, बोट जाईल एवढी, 'किंमत' या शब्दाच्या मधून. आतूनही दिसत होती. तिच्यातून उन्हाची एक बारीक रेघ जमिनीवर पडली होती आणि ती खाटेच्या दिशेने सरकत होती. तणस कमी पडलं होतं, की पहिल्या थरानंतर घाई झाली होती, की ती मातीच तशी होती, मला आजही माहीत नाही. मला फक्त ती रेघ दिसत होती. मी म्हणाले, मुलीला विटांच्या खोलीत नेऊ या. दादा उठलासुद्धा.

"टिनाखाली?" वहिनी म्हणाली. तिने मुलीला छातीशी घेतलं. "मी नाही जाणार."

 सगळ्यांनी आईकडे पाहिलं, कारण घरात भिंत नीट लिंपता येणारे हात तिचेच होते. आई खाली मातीच्या घमेल्याकडे पाहत होती. मी तोंड उघडणार होते. बरं झालं, उघडलं नाही.

"माहे हात लागणार नाही, म्हटलं होतं ना एकदा," ती म्हणाली. मग वर पाहून, "तुमचे काय झाले हो? भिंत तुमची ना?"

बाबांनी आयुष्यात भिंत लिंपली नव्हती. बायकांच्या हक्कांची पत्रकं मात्र त्यांनी हजारोंनी छापली होती. ते घमेलं घेऊन बाहेर उन्हात गेले आणि आई डोक्यावर पदर घेऊन, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाच्या सावलीत पाट टाकून बसली.

"तणस टाका. अजून. मुठीनं नाही, ओंजळीनं. आता हात वल्ला करा. वल्ला, म्हटलं! कोरड्या हातानं माती नाही बसत."

रस्त्यावरून कोणीतरी सायकल थांबवली. "काय गा, बाई झाला काय आज?"

"झालो," बाबा म्हणाले. "लई पहिलेच व्हाले पाहिजे होतं. चाल, तू बी हो. घमेलं आहे."

सायकल निघून गेली. मी आत आले. वहिनी कुशीवर होती, भिंतीकडे पाठ. मुलगी झोपली होती आणि या वेळी मी तिच्या कपाळाला हात लावला नाही. भिंतीला लावला. भेगेच्या बाजूला भिंत थंड होती, माठासारखी नाही, पण थंड. पलीकडून बाबांचा तळवा माती थापताना ऐकू येत होता, जाडजूड, बेताल, आणि मध्येच आईचा आवाज. भेग खालून बुजत होती तशी जमिनीवरची उन्हाची रेघ भिंतीच्या बाजूने आखडत चालली होती. खाटेच्या पायापाशी ती अजून होती. मी तिथेच बसून राहिले आणि पुढच्या थापेची वाट पाहत राहिले.